हार्ट फेल्युअर आणि वृद्धांमधील स्नायुऱ्हास : वजनकाट्यापलीकडील एक आरोग्यप्रश्न

सारांश

हार्ट फेल्युअर हा हृदयाचा विकार मानला जातो. परंतु त्याचा परिणाम हातापायांच्या स्नायूंवरही तितकाच खोलवर होतो. वृद्ध रुग्णांत वयोमानानुसार होणारी स्नायूंची झीज आणि आजारामुळे होणारी झीज या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. शरीरात साठणारे पाणी आणि चरबी यांमुळे ही झीज वजनकाट्यावर दिसत नाही. परिणामी रुग्णाच्या अशक्तपणाला ‘वय झाले’ एवढेच कारण दिले जाते आणि उपचाराची संधी हुकते. प्रस्तुत लेखात स्नायुऱ्हासाची संकल्पना, त्याची कारणे, तो ओळखण्याच्या पद्धती आणि व्यायाम व आहार यांद्वारे करता येणारे उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : हार्ट फेल्युअर, सार्कोपेनिया, कॅकेक्झिया, स्नायुबल, प्रथिने, पुनर्वसन

१. प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लक्ष होती. आयुर्मान वाढले, तसे दीर्घकालीन आजारांसह जगण्याचा काळही वाढला. हार्ट फेल्युअर हा अशाच आजारांपैकी एक. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले, दीर्घकाळ उच्च रक्तदाब व मधुमेह असलेले, तसेच झडपांचे विकार असलेले अनेक रुग्ण कालांतराने या अवस्थेला पोहोचतात.

‘हार्ट फेल्युअर’ या शब्दप्रयोगामुळे हृदय बंद पडले, असा समज सर्वसामान्यांत आढळतो. वस्तुतः या अवस्थेत हृदय चालूच असते. मात्र शरीराच्या गरजेइतके रक्त ते पुरवू शकत नाही, अथवा पुरवण्यासाठी हृदयातील दाब प्रमाणाबाहेर वाढतो. दम लागणे, पायांवर सूज येणे आणि लवकर थकवा येणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. यांपैकी दम आणि सूज यांकडे रुग्ण, कुटुंबीय आणि डॉक्टर या सर्वांचेच लक्ष जाते. थकवा मात्र दुर्लक्षित राहतो, कारण म्हातारपणी थकवा येणारच, असे गृहीत धरलेले असते. या थकव्याचा मोठा भाग स्नायूंच्या ऱ्हासातून येतो, तो मोजता येतो आणि काही अंशी भरूनही काढता येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

स्नायुऱ्हासाचा विचार करताना दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

अ) सार्कोपेनिया : अमेरिकेतील पोषणशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही संज्ञा सुचवली. ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘उणीव’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून ती बनली आहे. आरंभी ती केवळ वाढत्या वयात घटणाऱ्या स्नायूंच्या वस्तुमानासाठी वापरली जात असे. पुढे असे लक्षात आले, की स्नायूंचे बल त्यांच्या वस्तुमानापेक्षा कितीतरी वेगाने घटते. सत्तरीतील व्यक्तींच्या एका अमेरिकी दीर्घकालीन अभ्यासात (२००६) बलातील घट वस्तुमानातील घटीच्या सुमारे तिप्पट आढळली. त्यामुळे २०१८ साली सुधारलेल्या युरोपीय व्याख्येत स्नायूंचे घटलेले बल हाच सार्कोपेनियाचा पहिला निकष ठरवण्यात आला.

आ) कॅकेक्झिया : दीर्घ आजारामुळे शरीर खंगत जाणे म्हणजे कॅकेक्झिया. २००८ सालच्या तज्ज्ञसहमतीनुसार बारा महिन्यांच्या आत वजनात किमान ५ टक्के घट हा त्याचा मुख्य निकष आहे. यात स्नायूंबरोबर चरबीही घटू शकते. हार्ट फेल्युअरमध्ये ही अवस्था किती गंभीर असते, हे स्टेफान अँकर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले. त्यांनी अभ्यासलेल्या १७१ रुग्णांपैकी खंगलेल्या रुग्णांत अठरा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण ५० टक्के, तर इतरांत ते १७ टक्के होते.

या दोहोंतील व्यावहारिक फरक असा, की कॅकेक्झिया डोळ्यांना दिसतो. गालफडे बसतात, कपडे सैल होतात. सार्कोपेनिया वजन कायम असतानाही असू शकतो. म्हणूनच तो नजरेतून निसटतो. हार्ट फेल्युअरच्या २०० रुग्णांवरील एका युरोपीय अभ्यासात (२०१३) १९.५ टक्के रुग्णांत हातापायांच्या स्नायूंचे वस्तुमान लक्षणीयरीत्या घटलेले आढळले. अशा रुग्णांचे स्नायुबल आणि परिश्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची क्षमता या दोन्ही बाबी इतर रुग्णांपेक्षा कमी होत्या.

३. स्नायुऱ्हासाची कारणमीमांसा

स्नायू ही स्थिर वस्तू नव्हे. त्यातील प्रथिने सतत घडत आणि मोडत असतात. घडण आणि मोड यांचा तोल सांभाळला गेला, तर स्नायू टिकतो. हार्ट फेल्युअरमध्ये हा तोल अनेक बाजूंनी एकाच वेळी ढळतो.

पहिले कारण अंतःस्रावांशी निगडित आहे. हृदयाचा पुरवठा कमी पडू लागला, की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर अँजिओटेन्सिन, अॅड्रेनलिन यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण वाढवते. अल्पकाळ उपयुक्त असलेली ही प्रतिक्रिया दीर्घकाळ चालू राहिल्यास घातक ठरते. अँजिओटेन्सिन हे स्नायूंच्या वाढीस साहाय्य करणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव कमी करते आणि प्रथिने मोडणाऱ्या पेशीय यंत्रणेला चालना देते.

दुसरे कारण दाह हे होय. गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ या दाहकारक द्रव्याचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९० मध्ये प्रथम निदर्शनास आले. अशी द्रव्ये भूक मंदावतात आणि स्नायूंची झीज वाढवतात.

तिसरे कारण विशेष उद्बोधक आहे. आजारी हृदय स्वतःच स्नायूंची वाढ रोखणारा संदेश पाठवू शकते. ‘मायोस्टॅटिन’ हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला आळा घालते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात केवळ हृदयातील मायोस्टॅटिनची निर्मिती थांबवली असता हार्ट फेल्युअरमध्ये होणारा हातापायांच्या स्नायूंचा ऱ्हास टळला. हृदय आणि स्नायू हे परस्परांपासून अलिप्त अवयव नाहीत, हे त्यावरून स्पष्ट होते.

चौथे कारण पोषणाचे आहे. यकृत व आतड्यांत पाणी साठल्यामुळे थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. औषधांमुळे तोंडाची चव जाते. मिठावर निर्बंध असल्याने जेवण बेचव लागते. त्यामुळे ज्या काळात प्रथिनांची गरज वाढलेली असते, नेमक्या त्याच काळात आहार घटतो.

पाचवे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे निष्क्रियता. दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंमुळे थोड्याशा श्रमानेही अधिक दम लागतो. हे दुष्टचक्र रुग्णालयातील वास्तव्यात अधिक वेगाने फिरते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायुभार सुमारे एक किलोने घटला. निरोगी व्यक्तींची ही स्थिती असेल, तर आजारी व्यक्तीचे किती नुकसान होत असेल, याची कल्पना करता येते.

या संदर्भात अँड्र्यू कोट्स व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेला ‘स्नायू सिद्धान्त’ महत्त्वाचा आहे. हृदयाच्या आकुंचनाचे प्रमाण आणि रुग्णाची चालण्याची क्षमता यांचा मेळ बसत नाही, हे डॉक्टरांना पूर्वीपासून जाणवत होते. एकाच प्रकारचा अहवाल असलेल्या दोन रुग्णांपैकी एक जिना चढतो, तर दुसरा अंगणापर्यंत जाऊनही थकतो. कोट्स यांच्या मते बिघडलेले स्नायू परिश्रमाच्या वेळी मेंदूकडे अवाजवी तीव्र संदेश पाठवतात. त्यामुळे श्वासाचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावरील भार वाढतो. म्हणजेच छातीत जाणवणाऱ्या धापेचे मूळ काही अंशी पायांत असते.

४. वजनकाट्याची मर्यादा

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला दररोज सकाळी वजन करण्याचा सल्ला दिला जातो. दोनतीन दिवसांत वजन झपाट्याने वाढले, तर शरीरात पाणी साठत असल्याचे समजते आणि वेळीच उपचार करता येतात. हा सल्ला योग्यच आहे. तथापि वजनकाटा केवळ बेरीज दाखवतो. त्या बेरजेत पाणी किती, चरबी किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही. दोन किलो स्नायू घटले आणि दोन किलो पाणी साठले, तर काटा तिथेच राहतो. रुग्ण व कुटुंबीय निर्धास्त होतात. उलटपक्षी, मूत्रल औषधांनी पाणी उतरल्यानंतर रुग्ण एकाएकी ‘वाळलेला’ दिसतो, तेव्हा दोष औषधाला दिला जातो. प्रत्यक्षात औषधाने केवळ सुजेचे आवरण दूर केलेले असते. झीज आधीच झालेली असते.

भारतीय शरीररचनेमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजन निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. सारख्या वजनात भारतीय शरीरामध्ये चरबी अधिक व स्नायू कमी असण्याची ही प्रवृत्ती आहे. स्नायूंची मूळ शिल्लकच कमी असेल, तर आजारात होणारी झीज लवकर धोक्याच्या पातळीला पोहोचते. पोट सुटलेल्या वृद्धाला ‘तब्येत चांगली आहे’ असे म्हणताना मांड्या व दंड यांकडे कोणी पाहत नाही.

५. स्नायुऱ्हास ओळखण्याच्या पद्धती

स्नायूंचे वस्तुमान अचूक मोजण्यासाठी विशेष क्ष-किरण तपासणी उपलब्ध आहे. परंतु ती खर्चिक असून तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाही. बलाची चाचणी मात्र अत्यंत सोपी आहे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये निश्चित केलेले निकष पुढीलप्रमाणे आहेत.

१) मुठीची पकड : पकड मोजण्याच्या हातातील उपकरणावर पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी नोंद.
२) खुर्चीची चाचणी : हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ.
३) चालण्याचा वेग : सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी.
४) पोटरीचा घेर : पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी.

यांपैकी पोटरीच्या घेरावर हार्ट फेल्युअरमध्ये विसंबता येत नाही, कारण पायांवरील सुजेमुळे घेर फसवा ठरतो. येथेही पाणी स्नायूंची उणीव झाकते. म्हणून पकड व खुर्चीची चाचणी अधिक विश्वसनीय होत. खुर्चीच्या चाचणीसाठी तर घड्याळ आणि हात नसलेली भक्कम खुर्ची एवढेच साहित्य पुरते. मात्र तोल जाण्याचा संभव लक्षात घेऊन कोणीतरी शेजारी उभे असावे. दम लागत असताना किंवा छातीत दुखत असताना ही चाचणी करू नये.

पकडीसारख्या साध्या मोजमापाचे महत्त्व मोठे आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लक्ष ४० हजार व्यक्तींच्या ‘प्युअर’ या अभ्यासात (२०१५) पकडीतील दर ५ किलो घटीमागे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला.

आपल्याकडील घरांत काही खुणा चाचणीपूर्वीच दिसतात. जमिनीवर मांडी घालून बसलेली व्यक्ती उठताना हात टेकू लागते, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उठण्यासाठी भिंतीचा आधार शोधते, पाण्याची कळशी उचलणे सोडून देते, एस.टी.ची पायरी चढताना दोन्ही हातांनी दांडा धरते. अशा बदलांची नोंद डॉक्टरांना सांगणे हे कुटुंबीयांचे महत्त्वाचे काम आहे.

६. उपाययोजना

६.१ व्यायाम

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने पूर्ण विश्रांती घ्यावी, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही बराच काळ वैद्यकशास्त्रात रूढ होता. घरोघरी तो आजही टिकून आहे. ‘तुम्ही काही करू नका, बसून राहा’ असे मुले-सुना प्रेमापोटी सांगतात. त्यात काळजी असते, पण स्नायूंचे हित नसते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एच.एफ.-अॅक्शन’ या २,३३१ रुग्णांच्या चाचणीने नियंत्रित व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखवले. मृत्यू व रुग्णालयातील प्रवेश यांत दिसलेली घट मात्र माफक होती. तथापि त्यातील रुग्णांचे मध्यक वय ५९ वर्षे होते, त्यामुळे जराजर्जर रुग्णांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. तो २०२१ च्या ‘रीहॅब-एच.एफ.’ या चाचणीत हाताळला गेला. रुग्णालयात दाखल झालेल्या साठ वर्षांवरील ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना बळ, तोल, हालचाल आणि दमश्वास या चारही अंगांचे बारा आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. तीन महिन्यांनंतर बारा गुणांच्या शारीरिक क्षमता चाचणीत प्रशिक्षित गटाला सरासरी ८.३, तर इतरांना ६.९ गुण मिळाले. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे व्यायामाने आयुष्य वाढेलच, असे म्हणता येत नाही. पण हाती असलेले आयुष्य अधिक स्वावलंबी होते, एवढे निश्चित म्हणता येते.

केवळ सकाळचा फेरफटका पुरेसा नाही, हेही यातून स्पष्ट होते. चालण्याने दमश्वास सुधारतो. बळ वाढवण्यासाठी स्नायूंना विरोधाविरुद्ध काम करावे लागते. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याने भरलेली लहान बाटली हातात घेऊन कोपरात हात दुमडणे, असे व्यायाम घरी करता येतात. सूज वाढलेली असताना अथवा बसल्या जागी दम लागत असताना व्यायाम करू नये. आरंभ डॉक्टर वा भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच व्हावा.

६.२ आहार

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. २०१३ मधील एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निरोगी वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम आणि आजारी वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असून डायलिसिस चालू नसलेले रुग्ण याला अपवाद आहेत. हार्ट फेल्युअरसोबत मूत्रपिंडाचा विकार वारंवार आढळत असल्याने प्रथिने वाढवण्यापूर्वी तपासणी अपरिहार्य ठरते.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ५० किलो वजनाच्या वृद्धेला १.२ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने लागतील. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम, दोन्ही वेळच्या मिळून ६० ग्रॅम डाळीतून सुमारे १३ ग्रॅम आणि २०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज २९ ग्रॅम होते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. रात्री चहा-बिस्किटांवर भागवले, तर ती आणखी घटते. मटकी वा मुगाची उसळ, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे, घरचे पनीर, चालत असल्यास अंडी, मासे वा कोंबडी यांनी ही तूट भरून काढता येते. प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळच्या खाण्यात विभागणे हितावह ठरते.

येथे काही स्थानिक बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच; त्यामुळे वारंवार उपवास करणाऱ्या वृद्धांची तूट वाढत जाते. कोकणातील खारवलेली सुकी मासळी प्रथिनयुक्त असली तरी तिच्यातील मीठ या रुग्णांना बाधक ठरते. पाण्यावर मर्यादा असलेल्या रुग्णाने दूध व ताक यांचा त्या मर्यादेतच हिशेब धरावा.

मिठाच्या बाबतीतही विवेक हवा. ८०६ रुग्णांच्या ‘सोडियम-एच.एफ.’ चाचणीत (२०२२) अतिकठोर निर्बंधामुळे मृत्यू वा रुग्णालयातील प्रवेश यांत लक्षणीय घट आढळली नाही. याचा अर्थ लोणचे-पापडांना मुभा असा नव्हे. परंतु अळणी जेवणामुळे रुग्णाचे जेवणच तुटत असेल, तर आंबट, लसूण, आले, कोथिंबीर यांच्या साहाय्याने चव राखणे आवश्यक आहे. पोषणाचे महत्त्व स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत ठळकपणे दिसले. रुग्णालयात दाखल झालेल्या आणि पोषणाचा धोका असलेल्या हार्ट फेल्युअरच्या ६४५ रुग्णांत वैयक्तिक आहारसाहाय्य मिळालेल्या गटातील तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.४ टक्के, तर इतरांत १४.८ टक्के होते (२०२१).

६.३ औषधे

सार्कोपेनियावर स्वतंत्र मान्यताप्राप्त औषध अद्याप उपलब्ध नाही. मात्र हृदयाची नियमित औषधे स्नायूंनाही काही संरक्षण देतात. एनालाप्रिल घेणाऱ्या रुग्णांत लक्षणीय वजनघटीचा धोका १९ टक्क्यांनी कमी असल्याचे २००३ च्या विश्लेषणात दिसले. बरे वाटू लागताच औषधे परस्पर बंद करणे म्हणूनच दुहेरी हानीचे ठरते. लठ्ठपणावरील नव्या औषधांनी हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांची लक्षणे सुधारतात. तथापि त्यांमुळे घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. त्यामुळे वृद्धांत ती देताना बलाची मोजणी, प्रथिने आणि व्यायाम यांची जोड आवश्यक आहे.

७. भारतीय संदर्भ आणि महाविद्यालयांची भूमिका

भारतात हार्ट फेल्युअर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. तिरुवनंतपुरम येथील २०१३ च्या १,२०५ रुग्णांच्या नोंदवहीत सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते. पुढे देशभरातील ५३ रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही ते सुमारे ६० वर्षे आढळले. म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावरील, कित्येकदा शेती वा रोजंदारी करणारी व्यक्ती या आजारात सापडते. तिच्या स्नायूंचे बळ हा केवळ आरोग्याचा नव्हे, तर कुटुंबाच्या चरितार्थाचाही प्रश्न असतो. ती परावलंबी झाली, की सेवेचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो.

हा विषय एकाच विद्याशाखेचा नाही. शारीरिक शिक्षण विभागाला खुर्चीची चाचणी व सोपे बलवर्धक व्यायाम शिकवता येतील. गृहविज्ञान विभागाला स्थानिक धान्य-कडधान्यांवर आधारित कमी मिठाच्या प्रथिनयुक्त पाककृती तयार करता येतील. समाजशास्त्र विभागाला वृद्धांच्या परावलंबनाचा अभ्यास करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तदाब व रक्तशर्करा यांच्या जोडीला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पकड व खुर्चीची चाचणी समाविष्ट करता येईल. खर्च अल्प असून त्यातून ग्रामीण महाराष्ट्राविषयी उपयुक्त माहितीही संकलित होऊ शकेल.

८. समारोप

हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णाची सूज उतरली, दम कमी झाला आणि वजन स्थिर राहिले, म्हणजे उपचार पूर्ण झाला, असे मानणे अपुरे आहे. त्याच शरीरात स्नायूंची झीज मूकपणे चालू असू शकते आणि रुग्ण स्वतःच्या पायांवर किती काळ उभा राहील, हे पुष्कळदा तीच ठरवते. वजनकाटा पाण्याचा हिशेब ठेवतो. बळाचा हिशेब ठेवण्यासाठी मुठीची पकड आणि खुर्चीवरून उठणे ही साधी मोजमापे वापरावी लागतात. ‘वय झाले’ हे स्पष्टीकरण स्वीकारण्यापूर्वी ही मोजमापे झाली पाहिजेत. कारण वय कमी करता येत नसले, तरी गमावलेले बळ योग्य व्यायाम, पुरेसा आहार आणि नियमित औषधे यांच्या साहाय्याने काही अंशी परत मिळवता येते.